शंभर फील्ड

गणपती उठले की बनशंकरीतल्या आमच्या लॅबचं बाकडं सकाळी सातलाच भरतं. शुक्रवारी त्यात देवळात निघालेल्या बायकांची भर. साडेदहाला राहुकाळ लागायच्या आत रक्त देऊन मोकळं व्हायचं, मग अर्ध्या लिंबात दिवा लावायला जायचं. या दिवसांत डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही ठरलेल्या असतात: सीबीसी, एनएस-वन, एमपी. प्लेटलेट किती आणि डेंग्यू आहे का, एवढंच सगळ्यांना हवं असतं. एमपी म्हणजे मलेरियाचे परजीवी, ते चिठ्ठीचं शेपूट. मलेरिया म्हणजे मंगळूर, अशी आम्हा बंगळूरकर टेक्निशियनांची सोयीची समजूत होती.

बनशंकरीची मेट्रो सुरू झाली २०१७ च्या जूनमध्ये. त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. बनशंकरीच्याच सहाव्या स्टेजला एका इमारतीचं काम चालू होतं, तिथला विशीतला एक सेंट्रिंगवाला मुलगा तापाने आला. प्लेटलेट बासष्ट हजार. एनएस-वन निगेटिव्ह, पण डेंग्यूचे चार-पाच दिवस उलटले की तो तसा येतोही. त्याचा स्मियर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली मीच बघितला. बाहेर पंचवीस माणसं खोळंबलेली. वीस-बावीस फील्ड, म्हणजे भिंगात एका वेळी दिसतात तेवढे तुकडे, सरकवले, ‘एमपी नॉट सीन’ लिहिलं आणि पुढची काच घेतली.

तिसऱ्या दिवशी तो परत आला तो कुडकुडतच. बाकड्यावर बसला तर बाकडं हलत होतं. सोबतच्या मुकादमाला कन्नड येत होतं, त्याला काहीच नाही. मी हिंदीत विचारलं, गाव कुठलं? ‘गडचिरोली. धानोरा.’ मी बेळगावची. मराठीत बोलले तसा तो हुशारला. काल बरा होता म्हणाला. परवा हुडहुडी, आज पुन्हा हुडहुडी. याआधी कधी असं झालं होतं का?

‘झालता ना ताई, उन्हाळ्यात. आशाबाईनं गोळ्या देल्ली होती. चार दिवस खाल्लो. मंग ताप गेला, त ठेवून देल्लो.’

चार दिवस. पुढचं मला कळून चुकलं.

व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा प्रकार दोन घरांत राहतो. रक्तातल्यांचा बंदोबस्त क्लोरोक्विन तीन दिवसांत करतं, ताप उतरतो, माणूस कामाला लागतो. पण काही परजीवी यकृतात झोपून असतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, चौदा दिवस. झोपलेले राहिले तर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतात, मग नवा डास चावायची गरज नाही. धानोऱ्याचा ताप सहाव्या स्टेजला असा आला होता.

या वेळी जाड थेंब घेतला. त्यात रक्त जास्त, म्हणून परजीवी सापडायची शक्यताही जास्त. पण जात ओळखायला पातळ स्मियरच लागतो. तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स लावली. फुगलेली, फिकट पडलेली तांबडी पेशी, तिच्यात वेडावाकडा निळा डाग, त्यात लालसर ठिपका. व्हायव्हॅक्सच. मग परवाची काच पेटीतून काढली. ती काढली नसती तर कुणी विचारणार नव्हतं. एकाहत्तराव्या फील्डला सापडला. शिकवताना सर सांगायचे, शंभर बघितल्याशिवाय ‘नाही’ लिहायचं नाही. मी बावीसवर लिहिलं होतं.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्यांनी आधी जी-सिक्स-पीडी तपासायला लावलं. हे एन्झाइम कमी असेल तर प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात. त्याचं ठीक निघालं. मग दहा गोळ्या क्लोरोक्विनच्या, चार-चार-दोन, आणि साडेसात मिलिग्रॅमच्या अठ्ठावीस प्रायमाक्विनच्या, रोज रात्री जेवल्यावर दोन.

पालिकेला कळवलं. आरोग्य निरीक्षक साइटवर गेले, मीही गेले, इतरांच्या बोटातून रक्त घ्यायला. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. निरीक्षकांनी पांढऱ्या पळीत ते घेऊन माझ्यापुढे धरलं. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडव्या पडलेल्या. क्युलेक्सच्या अळ्या तिरक्या लोंबतात. आडवी म्हणजे अॅनाफिलीस. त्यातला स्टीफेन्सी हा शहरी डास. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, स्लॅबवरचं क्युरिंगचं पाणी, असं साधारण स्वच्छ पाणी त्याला आवडतं. याच शहरात १८८३ साली रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला खिडकीबाहेरच्या टबात अळ्या दिसल्या होत्या. टब उलटा केला तसे डास कमी झाले. डासाच्या पोटात परजीवी सापडायला मात्र १८९७ चा ऑगस्ट आणि सिकंदराबाद उजाडावं लागलं. निरीक्षकांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘मॅडम, तुमचा टब सोपा होता. हा खड्डा उलटा कसा करू?’ पंप आला संध्याकाळी. इतर सगळ्यांच्या काचा मी शंभर-शंभर फील्ड बघितल्या; कुणात काही नव्हतं.

नवव्या दिवशी मुकादमाचा फोन, पोराला हुबळीच्या कामावर पाठवलंय. ताप नव्हता, पोटभर जेवत होता, म्हणजे मुकादमाच्या हिशेबात बरा. मी पोराचा नंबर घेतला. तेव्हापासून रोज रात्री फोन. दोनदा त्याने उचललाच नाही. चौदाव्या दिवशी दुपारी म्हटलं, ‘पाकिटांचा फोटो पाठव.’

पाठवला. मळक्या चादरीवर चुरगळलेली पाकिटं. मी मोठा करून एकेक खळगा मोजला. सव्वीस रिकामे, दोन भरलेले.

‘रात्री जेवलो की खातो, ताई,’ त्याने लिहिलं होतं.