वाकोला, वास आणि मी

'एक्झॉटिक मीट' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शहामृगाचं स्टेक? मगरीचे कबाब? बँकॉकच्या फुटपाथवरचे तळलेले नाकतोडे? माझ्याही तेच यायचं. पण मंडळी, पासपोर्ट घरीच राहू दे. सांताक्रूझ ईस्टला बाहेर पडा आणि रिक्षावाल्याला फक्त एवढंच सांगा, 'वाकोला'.

हायवेला लागून फाइव्ह स्टार हॉटेल, पलीकडे युनिव्हर्सिटीचा कलिना कॅम्पस, डोक्यावरून सतत विमानं. या सगळ्याच्या मधोमध अरुंद गल्ल्या, मासळीवाल्या, चर्च आणि कौलारू घरांच्या जागी उभे राहिलेले टॉवर्स. सरकारी कागदांवर या भागाचं जुनं नाव कोलेकल्याण. गाव हरवलं असेल, पण त्याचं किचन हरवलेलं नाही.

डुक्कर? शी!

मी मूळची सिंधुदुर्गातली. वजडी, मुंडी, पाया, रक्ती हे सगळं लहानपणापासून बिनधास्त खाल्लेलं. आजोबांच्या पिढीत तर शिकारीचं रानडुक्कर आलं की वाडीत वाटे पडायचे. (१९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय अशी शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा आयडिया घेऊ नका!) पण पाळलेलं डुक्कर म्हटलं की तेच घर नाक मुरडायचं. लॉजिक विचारू नका.

ते लॉजिक मोडलं वाकोल्यातल्या एका ईस्ट इंडियन आंटींनी. 'बस गो बाय, आधी खा, मग बोल,' म्हणत त्यांनी पुढे ठेवलं सरपतेल. डुकराचं मांस, काळीज, चरबी, सगळं उकडून बारीक चिरायचं, तळायचं आणि व्हिनेगर-मसाल्यात शिजवायचं. खरी चव दोन-तीन दिवस मुरल्यावर. सोबत गोल, हलके फुगे. आंबट, तिखट, दाट! मसाला कुठला? बॉटल मसाला. उन्हाळ्यात वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कांडून बाटल्यांत ठासून भरलेला. म्हणजे आपल्या आईचा वर्षाचा मसालाच की!

आणि आंटी बोलत होत्या मराठी. ईस्ट इंडियन हे इथलेच मूळ रहिवासी. नाव तेवढं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलेलं. नाताळला त्यांच्याकडे बदकाचं मोयले होतं, लग्नात डुकराचं इंद्याल. जिभेचा रोस्ट पूर्वी बैलाच्या जिभेचाही व्हायचा, २०१५च्या कायद्यानंतर म्हशीच्या. एक्झॉटिक कोण, त्या की मी?

तो डबा

आता खरी गोष्ट. वाकोला-कलिना पट्ट्यात ईशान्येकडून आलेली बरीच मुलंमुली राहतात. एअरलाइन्स, हॉटेलं, कॉल सेंटर्स जवळ, म्हणून. त्यातलीच एक नागा मुलगी चॅनेलच्या डेस्कवर माझ्या शेजारी बसायची. पहिल्याच आठवड्यात तिने डबा उघडला आणि मी विचारलं, 'हे भो-भो तर नाही ना?' सगळा डेस्क हसला. तीही हसली. पण त्यानंतर तिने डेस्कवर डबा कधीच उघडला नाही.

त्याच वर्षी मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुके बोंबील भाजले म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं नाव निघालं होतं. घरी येऊन रडले होते. या दोन गोष्टींचा संबंध कळायला मला तीन वर्षं लागली.

मागच्या महिन्यात तिने वाकोल्याच्या तिच्या रूमवर जेवायला बोलावलं. खिडक्या बंद, एक्झॉस्ट फुल स्पीडवर. मेन्यू? अखुनी घातलेलं स्मोक्ड पोर्क. अखुनी म्हणजे सोयाबीन उकडून, पानांत बांधून, उबेला काही दिवस आंबवलेलं. वास? आहे, खोटं कशाला बोलू! पण पहिल्या घासानंतर तो वास राहत नाही, चव होते. चुलीवर धुरावलेल्या मांसाची, आंबूस, खोल. वर राजा मिरची, म्हणजे डोळ्यांतून धारा. आणि अनिशी? आंबवून वाळवलेली अळूची पानं. अळू, चक्क! आपल्या फदफद्याची लांबची बहीण.

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, 'मी स्वतः कुत्रं कधी खाल्लं नाही. पण मुंबईत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की आता मोजत नाही.' नागालँड सरकारने २०२० साली कुत्र्याच्या मांसविक्रीवर बंदी घातली, २०२३ मध्ये हायकोर्टाच्या कोहिमा खंडपीठाने ती रद्द केली. बातमी मी स्वतः लावली होती. शेजारच्या खुर्चीला मात्र काहीच विचारलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी खिडकी उघडायला गेले. ती घाबरून म्हणाली, 'नको गं, खालच्या आंटी...'

पुढच्या रविवारी ती माझ्याकडे येणार आहे. बोंबील भाजणार आहोत. खिडक्या उघड्या ठेवून.

ट्राय करायचंय?

• जायचं कसं: सांताक्रूझ स्टेशनवरून रिक्षा, किंवा मेट्रो ३.
• सुरुवात: नवशिक्यांनी सरपतेलने करा, अखुनी दुसऱ्या भेटीत.
• सर्वांत महत्त्वाचं: कुणाच्या डब्यात काय आहे हे विचारायचंच असेल, तर आधी म्हणा, 'मला एक घास देशील?'