एवढ्यावरून सांगता येत नाही

माझ्या कॉम्प्युटरवर 'ओळखायचे' नावाचं एक फोल्डर आहे. गेले तीन हिवाळे मी अंदमानात, पूर्वी हॅवलॉक म्हणत त्या स्वराज द्वीपच्या समुद्रात डायव्हिंग केलं, तिथले खेकडे आणि कोळंब्या त्यात जमल्या आहेत. मासे त्यात नाहीत. बहुतेक माशांची नावं लवकर सापडतात. पुस्तक उघडलं, रंग जुळवला, झालं. अडतं ते या बारक्या मंडळींपाशी. कुणी नखाएवढा, तर कुणी तांदळाच्या दाण्याएवढा. पाण्याखाली हवा मोजून घ्यायची असते, लाट आपल्याला हलवत असते आणि समोरचा जीव दोन सेकंदांत फटीत शिरतो. मिळेल तो फोटो घ्यायचा आणि घरी येऊन डोकं खाजवायचं.

यातला पहिला धडा मला अम्मीने दिला. समुद्रफुलावर बसलेल्या एका खेकड्याचा फोटो मी तिला कौतुकाने दाखवला. पांढरं अंग, त्यावर लाल ठिपके. अम्मीचं सगळं आयुष्य रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी गेलं. बाजारात चिंबोरी घेताना ती आधी उलटी करते आणि पाय मोजते. पाय गळालेली असली की दर पाडून मागते. तिने चष्मा नाकावर सरकवला, पडद्यावर बोट ठेवून मोजलं आणि म्हणाली, "अरे, ह्याचे दोन पाय कुठं गेले? डेंगे सोडून सहाच दिसतायत."

मला वाटलं, तुटले असतील. दुसरा फोटो काढला, त्यातही सहाच. तिसऱ्यातही सहाच. तेव्हा कुठे मी नीट वाचायला बसलो. खऱ्या खेकड्याला नांग्या सोडून आठ पाय असतात. हा होता पोर्सेलिन क्रॅब, निओपेट्रोलिस्थेस मॅक्युलॅटस. याच्या पायांची शेवटची जोडी अगदी बारीक आणि कवचाच्या मागे दुमडलेली असते, म्हणून मोजताना सहाच भरतात. दिसायला खेकडा, पण नात्याने तो शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या जवळचा. एवढ्या मोठ्या नांग्या असूनही तो शिकार करत नाही. तोंडाजवळचे केसाळ पंखे पाण्यात उघडझाप करत बारीक प्लवक गाळून खातो. आधी मी रंग बघत होतो, अम्मीने पाय बघितले. तेव्हापासून मीही आधी पाय मोजतो.

कोळंबीतही हिशेब पायांचाच आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब पांढऱ्या मिशा हलवत कपारीत उलटी लटकणारी स्टेनोपस हिस्पिडस सगळे डायव्हर ओळखतात. पण तिच्या सगळ्यात मोठ्या नांग्या पायांच्या तिसऱ्या जोडीला असतात, हे किती जणांनी बघितलं असेल? समुद्रफुलावर राहणाऱ्या चिमुकल्या कोळंब्यांचं तसं नाही. त्यांच्या नांग्या पहिल्या दोन जोड्यांनाच, तिसऱ्या जोडीला नाहीत. म्हणजे दोघींना आपण कोळंबी म्हणतो खरं, पण त्यांची घराणी वेगळी.

हे बघायला अंदमानाला जायची गरज नाही. स्वयंपाकघरात कोळंबी सोलायच्या आधी तिच्या पोटाच्या कवचाचे तुकडे बघा. समुद्रातली आपली नेहमीची कोळंबी घेतली तर प्रत्येक तुकडा मागच्यावर कौलासारखा चढलेला दिसेल. गोड्या पाण्यातली लांब निळ्या नांग्यांची मोठी कोळंबी घ्या. तिचा दुसरा तुकडा पुढच्यावरही चढलेला असतो आणि मागच्यावरही. ही दुसरी मादी अंडी पोटाखाली धरून फिरते, पहिली ती पाण्यात सोडून देते. अम्मीला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग एवढी वर्षं मी दोन वेगळ्या जनावरांचं एकच कालवण करत होते."

दुसरा धडा महागात पडला. मी फोटो इतक्या जवळून काढायचो की जीव पडदाभर दिसायचा आणि तो कशावर बसलाय ते कापलं जायचं. या बारक्या जिवांच्या बाबतीत पत्ता म्हणजे अर्धी ओळख. ट्रॅपेझिया नावाचे गुळगुळीत खेकडे फांद्यांच्या प्रवाळात राहतात आणि प्रवाळ खायला आलेल्या तारामाशाला चिमटे काढून हाकलतात. लिसोकार्सिनस ऑर्बिक्युलॅरिस हा तपकिरी-पांढरा खेकडा समुद्रकाकडीच्या अंगावर राहतो. नारिंगी अंगाची, जांभळ्या नांग्यांची सम्राट कोळंबीही समुद्रकाकडीवर स्वार होऊन फिरते. घर फोटोत नसेल तर पाहुण्याचं नाव शोधताना हात बांधले जातात.

या सम्राट कोळंबीच्या नावाचा किस्सा मोठा गंमतीचा. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले स्टॅन्ली केम्प यांनी १९२२ साली एका कोळंबीला 'रेक्स' म्हणजे राजा असं नाव दिलं. पुढे १९६७ साली ब्रूस या अभ्यासकांनी 'इम्परेटर' म्हणजे सम्राट या नावाने एका कोळंबीचं वर्णन केलं. जगभरच्या डायव्हरांच्या तोंडी सम्राटच बसला. नंतर ध्यानात आलं की दोन्ही कोळंब्या एकच. नियम असा की आधी दिलेलं नाव टिकतं. त्यामुळे सम्राटाला पायउतार व्हावं लागलं आणि आज शास्त्रीय नाव आहे झेनोपोन्टोनिया रेक्स.

असले घोळ का होतात, हे मला माझी स्वतःची चूक झाल्यावर कळलं. समुद्रफुलाच्या बोटांमध्ये उभ्या असलेल्या एका काचेसारख्या कोळंबीचा फोटो माझा फार लाडका होता. अंगावर पांढरे डाग, पायांवर जांभळे पट्टे. पुस्तकातल्या चित्राशी जुळवून मी तिला एन्सायलोमेनिस होल्थुइसी ठरवून टाकलं. गावातल्या शाळेने भिंतीवर लावायला समुद्री जिवांचा तक्ता मागितला, तेव्हा तोच फोटो मधोमध घातला आणि खाली ते नाव ठळक छापलं. मुलांनी ते पाठही केलं.

नंतर कधीतरी, शाबासकी मिळेल या आशेने, मी तो फोटो एका जाणकार अभ्यासकांना पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं: पहिलं नाव बरोबर असावं, दुसरं एवढ्यावरून सांगता येत नाही.

मला राग आला. इतका स्वच्छ फोटो, आणि सांगता येत नाही? मी जरा तिखटच उलट लिहिलं. त्यांनी शांतपणे समजावलं. कोळंबीची शेपटी समुद्रफुलात बुडालेली आहे, तिच्यावरचे डाग दिसत नाहीत. डोक्यापुढच्या करवतीसारख्या काट्यावर वर किती दात आहेत, खाली किती, तेही दिसत नाही. याच घराण्यातल्या आणखी काही कोळंब्या पहिल्या नजरेला अशाच दिसतात.

मग त्यांनी लिहिलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. संग्रहालयातल्या बरणीत, स्पिरिटमध्ये ठेवलेल्या कोळंबीचा रंग उडून जातो. ती पांढरीफटक होते. जुनी वर्णनं बरीचशी अशाच रंग उडालेल्या नमुन्यांवरून लिहिलेली, म्हणून त्यांत दात मोजलेले असतात, सांधे मोजलेले असतात, रंगाबद्दल फार काही नसतं. आमच्या फोटोत रंग असतो, दात नसतात. एकाच जिवाची अर्धी माहिती बरणीत आणि अर्धी कॅमेऱ्यात. दोन्ही समोरासमोर येत नाहीत तोवर नाव पक्कं होत नाही.

त्या जागी माझ्या घाईचं नाव खपलं असतं. कुणी विचारलंही नसतं. पण नुसत्या दिसण्यावरून कुणाला काहीतरी ठरवून टाकायचं आणि ते मुलांकडून पाठ करून घ्यायचं, हे मला आता झेपेना.

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा एक पांढरी चिठ्ठी छापून नेली आणि तक्त्यावरच्या नावावर चिकटवली. त्यावर लिहिलं होतं: 'एन्सायलोमेनिस. दुसरं नाव नक्की नाही. समुद्रफुलावर, अंदमान.' शिक्षक जरा हिरमुसले. म्हणाले, "बाकी सगळ्यांना पूर्ण नाव आहे, हिलाच अर्धं. बरं दिसत नाही." मी म्हटलं, राहू द्या.

मागच्या पावसाळ्यात फोल्डर पुन्हा उघडलं. एकशे बारा फोटोंपैकी एकेचाळीसांना पूर्ण नाव मिळालं. बाकीच्यांपुढे अर्धं नाव आहे किंवा नुसतं 'खेकडा' लिहिलेलं आहे. या हिवाळ्यात जाईन तेव्हा प्रत्येक जिवाचे तीन फोटो घ्यायचे ठरवलंय: एक वरून, एक बाजूने आणि एक त्याच्या घरासकट. अम्मी शेजारी बसून शेवटचा फोटो बघत होती. एका बारक्या खेकड्याचे पाय तिने दोनदा मोजले.

"आठ आहेत," ती म्हणाली. "पण एक माझ्या मते प्रवाळाची फांदी आहे."