आठ जीबीची आकाशवाणी

दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी आमच्या नानांनी मला एक प्रश्न विचारला आणि माझं तीन महिन्यांचं काम पाण्यात गेलं. प्रश्न तीनच शब्दांचा होता. "म्हैस कुठं गेली?"

सांगतो. जरा मागून सुरुवात करावी लागेल.

नाना म्हणजे माझे आजोबा. पारनेर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर गुरुजी होते, १९९८ ला रिटायर झाले. आता वय पंच्याऐंशी. काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेलेत. उजेड आणि अंधार कळतो, एवढंच. कान मात्र तिखट. एसटी गावात शिरली की हॉर्नवरून ड्रायव्हर कोणता ते सांगतात. मी महिन्यातून दोनदा वाकडेवाडीहून एसटी पकडतो आणि सुप्याला उतरून गावी जातो. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात अजून सगळे 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतात.)

नानांचं आयुष्यभराचं वेड म्हणजे रेडिओ. शाळेचं घड्याळ ते रेडिओच्या वेळेवर लावायचे. नगरला आकाशवाणीचं केंद्र झालं ते नंतर. त्याआधी आमच्याकडे पुणे केंद्र लागायचं, मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झ. रात्री मुंबईही चांगली ऐकू यायची. त्यात जादू काही नाही. दिवसा वातावरणाचा एक थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबची स्टेशनं जवळ येतात. नानांना हे मी समजावून सांगायला गेलो तर म्हणाले, "ते मी सातवीच्या पोरांना शिकवलंय. तू फक्त सेल कुठून स्वस्त मिळतात ते सांग." तेव्हा सेल उतरले की उन्हात ठेवून आणखी चार दिवस चालवायचे, ही त्यांची जुनी सवय.

महागाई भत्त्याच्या फरकातून नानांनी १९८२ साली एक मोनो टेपरेकॉर्डर घेतला, आणि मग रेडिओवरचं आवडलेलं टेप करायला लागले. १९९६ पर्यंत हा उद्योग चालू होता. या सगळ्या कॅसेट एका पत्र्याच्या पेटीत निघाल्या. एकूण ४१. त्यातल्या २० साठ मिनिटांच्या, २१ नव्वद मिनिटांच्या. म्हणजे साडेएक्कावन्न तास. त्याच पेटीत रेडिओच्या लायसनचं पुस्तकही होतं. रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागायचा आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागायची, हे माझ्या टीममधल्या कोणालाही खरं वाटत नाही.

नानांचा टू-इन-वन केव्हाच बंद पडलाय. मोबाइल त्यांना जमत नाही, कारण टचस्क्रीनच्या काचेवर बोटाला काहीच लागत नाही. म्हटलं, बटणांचा एखादा जुना एमपीथ्री प्लेअर घेऊ आणि हे सगळं त्यात भरून देऊ. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस मिळाला. २००९ चं मॉडेल, काडेपेटीएवढा, आठ जीबीचा. त्यावर रॉकबॉक्स टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रॉकबॉक्स हे जुन्या प्लेअरसाठी लोकांनी मिळून लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. २००१ पासून चालू आहे. आयपॉडचं उत्पादन २०२२ मध्ये कंपनीने थांबवलं, पण जुन्या आयपॉडवरही हे चालतं.

मग कामाला लागलो. कॅसेटचं काम घाईने होत नाही हो. तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तासच लागतो. वीकेंडला दोन-तीन कॅसेट, की झालं. कच्चं रेकॉर्डिंग मोनोमध्ये तासाला सव्वातीनशे एमबीच्या आसपास जातं, सगळं मिळून सोळा जीबी. तेच ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत केलं की दीड जीबी. बोलण्याला आणि जुन्या मोनो गाण्यांना तेवढं पुष्कळ होतं. म्हणजे आठ जीबीत नानांची सगळी आकाशवाणी मावून वर चौपट जागा शिल्लक!

आता खरी मजा, म्हणजे लावालावी. अमेरिकेत जुन्या रेडिओ मालिकांचे शौकीन आहेत. 'सस्पेन्स' नावाची मालिका तिकडे १९४२ ते १९६२ अशी वीस वर्षं चालली, नऊशेच्या वर भाग. त्यांच्याकडे प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, भाग क्रमांक, शीर्षक असं सगळं नीट असतं. मी तेच करायला गेलो. गीतरामायणाचा फोल्डर, श्रुतिकांचा फोल्डर, गीतमालेचा फोल्डर, प्रत्येक फाइलला गायक, संगीतकार, वर्ष. इंजिनिअर माणूस, दुसरं काय सुचणार?

पहिली अडचण वर्षाची. नानांनी कॅसेटवर फक्त 'बुध. रात्र' किंवा 'रवि. सकाळ' असं लिहिलेलं. एका कॅसेटच्या शेवटी बातम्यांचा तुकडा सापडला, त्यात कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकल्याची बातमी होती. अंतिम सामना २५ जून १९८३ चा, शनिवारचा. म्हणजे कॅसेटवरची 'रवि. सकाळ' बरोब्बर जुळली! त्या दिवशी मी ऑफिसमधला एखादा अवघड बग सापडावा तसा नाचलो. पण अशी कॅसेट एकच. बाकीच्यांची वर्षं तशीच रिकामी राहिली.

दुसरी अडचण, देवनागरी नावं प्लेअरच्या पडद्यावर नुसते चौकोन चौकोन दिसत होती. फॉन्ट शोधण्यात एक अख्खा रविवार घालवला. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला पडदा दिसतच नाही! (हसू नका.) रॉकबॉक्समध्ये फोल्डरचं नाव बोलून दाखवायची सोय आहे. आपण आपल्या आवाजात नाव रेकॉर्ड करून एका ठरलेल्या नावाची छोटी फाइल त्या फोल्डरमध्ये ठेवायची. बाणाचं बटण दाबत गेलं की प्लेअर कानात नाव सांगतो. आत्याकडून सगळी नावं बोलून घेतली. नानांना तिचा आवाज लगेच कळतो.

तिसरी अडचण स्वतः नाना. पहिल्या चाचणीला मी मोठ्या कौतुकाने शफल लावून दिलं. दोन गाणी झाली आणि रात्री आठ वाजता भूपाळी सुरू झाली. नानांनी कानातलं काढून ठेवलं. "अरे, ही काय वेळ आहे का?"

मग माझ्या लक्षात आलं. गीतरामायण त्यांच्यासाठी 'सुधीर फडके' या कप्प्यात नाहीच. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ते सुरू झालं. आठवड्याला एक नवं गाणं, अशी ५६ गाणी व्हायला वर्षाहून जास्त काळ लागला. नाना तेव्हा पंधरा वर्षांचे. गावात रेडिओ एकच, त्याच्याभोवती बसून पुढच्या गाण्यासाठी आठवडाभर थांबलेला माणूस तो. त्याला मी म्हणत होतो, नाना, हे घ्या, ५६ च्या ५६ एका बटणावर. गीतमाला म्हणजे त्यांच्यासाठी बुधवार रात्र. अमीन सायानींचा आवाज, सिलोनचा शॉर्टवेव्ह, आणि मध्येच लाटेसारखं खाली जाऊन परत वर येणारं गाणं. 'पुन्हा प्रपंच'मधली मीनावहिनी आणि टेकाडे भावजी म्हणजे जेवणं उरकायची वेळ.

सगळे फोल्डर मोडले आणि नव्याने केले. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. आत वार. बस्स. गायक, संगीतकार, वर्ष सगळं उडवलं. नाना खूश, मी खूश.

आणि मग तो शनिवार.

नानांच्या पहिल्या अकरा कॅसेट टू-इन-वन येण्याच्या आधीच्या. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि बटण दाबायचं, अशी रेकॉर्ड केलेल्या. साहजिकच त्यात घरातलं सगळं आलेलं. भांडी, स्टोव्ह, कुत्रं, पोरांची भांडणं. मी ऑडॅसिटीत बसून ते जमेल तेवढं साफ केलं. खरखर काढली. दोन गाण्यांमधलं बोलणं, खाकरणं कापून टाकलं. एका भावगीतात भर कडव्यात म्हैस हंबरत होती, तर त्या गाण्याची स्वच्छ प्रत मिळवून तिथे चिकटवली. मग लॅपटॉपवर जागा हवी म्हणून कच्च्या फाइली डिलीट केल्या. (हो, मीच. रोज ज्युनिअर पोरांना बॅकअपवर लेक्चर देणारा मीच.)

नाना ते गाणं ऐकत होते. मान डोलत होती. कडवं आलं आणि मान थांबली.

"म्हैस कुठं गेली?"

मी अभिमानाने सांगितलं, की काढली. नाना काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "हे गाणं रेडिओला लागलं ना, की त्या जागेवर मला ती ऐकू यायची. खऱ्या रेडिओवर सुद्धा." मग आणखी थोडं थांबून, "त्याच्या मागंच तुझी आजी पण बोलली होती काहीतरी. ते पण काढलं का?"

आजी २०११ मध्ये गेली. मी तेव्हा चौदा वर्षांचा. तिचे फोटो आहेत, बहुतेक लग्नातले. तिच्या आवाजाचं घरात कुठेही, काहीही नाही. एवढ्या कॅसेट ऐकताना मध्येमध्ये एक बाई बोलते हे मी ऐकलं होतं. पण ती आजी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण मी तिला नॉइज समजून ऐकत होतो.

कॅसेट होत्या, म्हणून वाचलो. त्याच रात्री सात नंबरची पुन्हा लावली. आवाज असा, की कुणी तोंडावर उशी धरून गातंय. कॅसेटच्या आत एका पत्र्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. चाळीस वर्षांनी त्याचा गोंद सुकून तो निघून पडला होता. म्हणजे पहिल्या वेळी माझ्याच हातून तिचा शेवटचा धड फेरा झाला होता, आणि तो मी डिलीट केला होता. त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी नगर गाठलं. तिथे एक मेकॅनिककाका आहेत. पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, आता एलईडी टीव्ही करतात. त्यांनी कॅसेट उलटसुलट बघितली. "स्क्रू नाहीत हिला. कवच चिकटवलेलं आहे, फोडावं लागेल. टेपला धक्का लागला तर मला बोलायचं नाही." मी म्हटलं, फोडा. त्यांनी पातळ पातं सांध्यात घालून हळूच कवच उघडलं, दोन्ही चाकं उचलून एका स्क्रूवाल्या जुन्या कॅसेटच्या कवचात बसवली. मग आपल्या डेकमध्ये घालून हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव पाव फेरा फिरवत राहिले. नानांच्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असणार, तेव्हा वाजवणारं हेडही तेवढंच तिरकं केलं की आवाज उघडतो. कानाने ऐकूनच करायचं काम. एकदम धुकं सरल्यासारखं गाणं स्वच्छ झालं.

म्हैस आली. पाठोपाठ गाणं संपलं. आणि मग दुरून, स्वयंपाकघरातून आल्यासारखा आवाज. "ओ, मीठ सपलंय बरं का."

"कोण हो या?" काकांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी शेजारी चालू असलेल्या टीव्हीचा आवाज बंद केला आणि काही न बोलता टेप मागे घेऊन पुन्हा लावली.

आता अकराच्या अकरा कॅसेट पुन्हा घेतोय, काहीही न कापता. कच्च्या फाइली तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक डिस्क आत्याच्या कपाटात. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर एवढंच सांगेन. साफसफाई नंतर कधीही करता येते. आधी जसंच्या तसं घेऊन ठेवा, आणि ज्याची पेटी आहे त्याला शेजारी बसवून ऐका. कचरा कोणता ते तुम्हाला कळणार नाही.

सात नंबर घेऊन गावी गेलो, तेव्हा संध्याकाळ झाली होती. नानांच्या कानात लावून दिली. म्हैस आली तेव्हा ते हसले. मग पुढचं वाक्य आलं. प्लेअर त्यांनी स्वतःच थांबवला. मधलं मोठं बटण आता त्यांना बरोबर सापडतं.

"आणतो म्हणालो होतो," नाना म्हणाले. "आणलं का नाही, काही आठवत नाही बघ."