दोन सेकंदांचें मौन

मनुष्याच्या बोलण्यापेक्षां त्याच्या न बोलण्याचाच अर्थ आपण अधिक मन लावून करीत असतों. होकार तत्काळ आला तर तो मनापासूनचा ठरतो. तोच किंचित् थांबून आला, कीं शंकांचें मोहोळ उठतें. गेल्या श्रावणांत अशाच दोन सेकंदांच्या मौनामुळें आम्हां दोघां भावांत अडीच महिने अबोला राहिला. त्या मौनाचा कर्ता आमच्याच माजघरांतल्या फडताळावर हिरवे दिवे लुकलुकवीत निर्विकार बसला होता, हें आम्हांस दिवाळींत कळलें.

आमचें म्हसावद शहाद्याहून तोरणमाळाकडे जातांना लागतें. उत्तरेस सातपुडा, भोंवतीं केळी, ऊस आणि कापूस. (जळगांवच्या पुढें रेल्वेचें स्टेशन असलेलें म्हसावद तें निराळें; पत्त्यांत जिल्हा लिहावयास विसरणाऱ्या आप्तांमुळें त्या गांवाची आम्हांस उगीचच ओळख झाली आहे.) आमचे वडील बंधु, दादा, नोकरीसाठीं पुण्यास गेले आणि तेथेंच स्थायिक झाले. दर रविवारीं रात्रीं आठ वाजतां मोबाइलच्या पडद्यावर आमची भेट होते. त्या रविवारीं त्यांनीं विहिरीजवळच्या मळ्याचा विषय काढला. एक गिऱ्हाईक आलें होतें. विकावा का, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं क्षणाचाही विलंब न लावतां नको म्हणून सांगितलें आणि त्यांच्या मुद्रेकडे पाहत राहिलों. मुद्रा हलली नाहीं. आम्हांस वाटलें, दादांना राग आला. सारवासारव करण्यास तोंड उघडतों, तों त्यांचाही आवाज आला. दोघेही थांबलों, पुन्हां दोघेही एकदम बोललों. "तुझें होऊं दे आधीं," दादा म्हणाले, आणि त्या साध्या वाक्याला धार आहे असा आम्हांस भास झाला. पुढच्या रविवारीं आम्हीं फोन लावला नाहीं. त्यांनींही लावला नाहीं.

दिवाळीस भाचा आला. तो बंगळूरास संगणकाच्या जाळ्यांचें काम करतो. रविवारीं आठ वाजतां आम्ही मोबाइल हातांत घेऊन नुसतेच बसलेले पाहून त्यानें कारण विचारलें. आम्हीं इंटरनेटला चार शिव्या देऊन विषय टाळला. त्यानें त्या शिव्या खऱ्या मानल्या आणि तो मोजमाप करावयास बसला. हें जाळें आपला आवाज लहान लहान पुडकीं बांधून पाठवितें. घरांत सारें स्वस्थ असतां असें एक पुडकें पुण्यास जाऊन परतण्यास 40 मिलिसेकंद लागत. आठाच्या सुमारास तोच प्रवास दोन सेकंदांवर जाई. त्या वेळीं मुलांचे मोबाइल चार्जिंगला लागत आणि दिवसभरांतलीं छायाचित्रें 'क्लाउड'वर चढवूं लागत. आमचा शब्द त्या छायाचित्रांच्या मागें रांगेंत उभा राही.

"मग रांगेला जागा जास्त हवी," आम्हीं शहाणपणा केला.

"मामा, जागा जास्त आहे हाच तर रोग," तो म्हणाला.

ऊस लावणाऱ्या मनुष्यास हें समजण्यास फार वेळ लागूं नये. एका कारखान्याच्या अंगणांत, काट्याच्या अलीकडे, आम्हीं उसाच्या गाडीवर थंडीच्या दोन रात्री काढल्या आहेत. गव्हाणींत तासाला जेवढा ऊस पडावयाचा तेवढाच पडतो. अंगण दुप्पट केलें म्हणून गाळप दुप्पट होत नाहीं. फक्त दुप्पट गाड्या आंत येऊन उभ्या राहतात, आणि तोडलेला ऊस वाळून त्याचें वजनही घटतें नि साखरही. शहाणा अधिकारी अंगण वाढवीत बसत नाहीं, तोडीच्या चिठ्ठ्या आवरतो.

संगणकांतही असेंच अंगण असतें. त्याला बफर म्हणतात. घरून बाहेर जाणारी वाट सेकंदास एक मेगाबिटाची, म्हणजे दहा लक्ष बिटांची, आणि फडताळावरच्या पेटींतलें अंगण 256 किलोबाइटांचें धरलें, तर तें भरल्यावर शेवटीं आलेल्या पुडक्यास बाहेर पडावयास दोन सेकंद लागतात. आणि तें अंगण भरतेंच. पाठविणाऱ्या संगणकास वाट किती रुंद आहे हें ठाऊक नसतें. एखादें पुडकें हरवलें, कीं त्यावरून तो गर्दी ओळखतो आणि हात आंखडतो. ही रीत मुख्यतः व्हॅन जेकबसन यांची. ऑक्टोबर 1986 मध्यें कॅलिफोर्नियांत, लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यामधल्या अवघ्या चारशें यार्डांच्या अंतरावर, सेकंदास 32 हजार बिटांचा वेग गर्दीनें 40 बिटांवर आला. हजार नव्हे, नुसते चाळीस! त्याचें कारण त्यांनीं शोधलें आणि 1988 मध्यें आपला उपाय प्रसिद्ध केला.

पुढें स्मृति स्वस्त झाली. यंत्रें बनविणाऱ्यांस वाटलें, एकही पुडकें हरवूं नये, म्हणून अंगणें वाढवावीं. हेतु चांगला होता. परंतु पुडकें हरवणें हाच जेथें थांबण्याचा इशारा, तेथें तो इशाराच उशिरा पोंचूं लागला. 2010 च्या सुमारास जिम गेटीस यांना अमेरिकेंत स्वतःच्या घरून मोठ्या फाइली पाठवितांना हाच अनुभव आला, आणि या सुजेला त्यांनीं 'बफरब्लोट' असें नांव दिलें.

उतारा 2012 मध्यें निघाला. कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनीं 'कोडेल' नांवाची रीत मांडली. रांग किती लांब आहे, हें ती विचारीत नाहीं. पुडकें किती वेळ ताटकळलें, एवढेंच पाहते. शंभर मिलिसेकंदांच्या अवधींत एकही पुडकें पांच मिलिसेकंदांच्या आंत सुटलें नाहीं, तर ती एक पुडकें टाकून देते. तरीही रांग हटेना, तर अधिकाधिक लवकर टाकूं लागते. टाकलेलें पुडकें कायमचें जात नाहीं. पाठविणारा तें पुन्हां पाठवितो, आणि वेळीच शहाणा होऊन वेग कमी करतो. आम्ही स्वतः जुनीं वर्तमानपत्रेंही टाकूं शकत नाहीं. त्यामुळें टाकून देण्यांत उपाय आहे, हें पटावयास आम्हांस दोन दिवस लागले. त्याच वर्षीं एरिक दुमाझे यांनीं लिनक्स या कार्यप्रणालींत कोडेलला आणखी एक जोड दिली: प्रत्येक संवादाची रांग वेगळी लावावयाची, रांगा पाळीपाळीनें सोडावयाच्या, आणि थोडकेंच घेऊन आलेल्यास आधीं वाट द्यावयाची. वीस गाड्यांच्या मालकामागें एक मोळी घेऊन आलेल्यानें कां उभें राहावें?

भाच्यानें जुन्या पेटीच्या अलीकडे लिनक्सवर चालणारी दुसरी बसविली, तींत ही व्यवस्था सुरू केली, आणि बाहेर जाण्याचा वेग मुद्दाम दहावा हिस्सा कमी केला. आम्ही चकित झालों. वेग हवा म्हणून तर हा खटाटोप! तो म्हणाला, "मामा, रांग आपल्या दारांत लागली तर ती आपल्याला आवरतां येते. पुढच्या पेटींत लागली, तर तेथें आपलें कांहीं चालत नाहीं." रात्रीं आठ वाजतां सगळे मोबाइल चार्जिंगला लावून त्यानें माप घेतलें. छायाचित्रें चढत होतीं आणि आंकडा 60 च्या वर जात नव्हता.

मग त्यानें दादांचा नंबर लावून मोबाइल आमच्या हातांत दिला.

आम्हीं सर्व हकीकत सांगितली. दादा हंसले. "अरे, मळा विकावा का, असें मीं विचारलें, तर तूं गप्प! मला वाटलें, तुला विकावयाचा आहे, पण माझ्यापुढें बोलवत नाहीं. आणि मग 'नको' म्हणालास, तें माझें मन राखण्यासाठीं. मीं तर लगेच 'बरें झालें' म्हटलें होतें. तें तुला ऐकूं आलें नाहीं?"

ऐकूं आलें नव्हतें; त्याच क्षणीं आमची सारवासारव चालली होती. अडीच महिने ज्याची वाट पाहिली तें उत्तर आमच्याच बडबडीखालीं बुडालें होतें.

"मग त्या गिऱ्हाइकाला तुम्हीं काय सांगितलेंत?" आम्हीं विचारलें.

दादा थांबले. आम्हीं भाच्याच्या पडद्याकडे पाहिलें. आंकडा 43 होता.

"त्याला हो म्हटलेलें नाहीं," ते म्हणाले, "पण नाहींही म्हटलेलें नाहीं. तुझ्या मनांत काय आहे, तें कळेना, म्हणून ठेवलें तसेंच. विहिरीला पाणी किती आहे रे सध्यां?"

आम्ही बॅटरी घेऊन उठलों.