उपसाला : नोंदवहीतला भरवसा

आर्लांडा विमानतळावरून उपसालाला जाणारी गाडी विसेक मिनिटांत पोचते. खिडकीबाहेर सपाट शेतं, बर्चची पांढरी खोडं, मधूनच गेरूच्या रंगाची लाकडी घरं, आणि मग एकदम कॅथीड्रलचे दोन टोकदार मनोरे. स्टेशनातून बाहेर पडताना कुठे फाटक आडवं येत नाही. समोर सायकलींचं रान, पुढे शहराच्या मधून वाहणारी फीरिस नदी, आणि नदीपलीकडच्या चढावर १४७७ साली स्थापन झालेलं विद्यापीठ. इथे शिकायला आलेला आपल्याकडचा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात घरी कळवून टाकतो, की इथली माणसं फार सज्जन, सगळं विश्वासावर चालतं. विद्यार्थी म्हणून इथे वावरताना मला हे निदान अर्धवट वाटत आलं आहे. भरवसा खराच आहे. पण त्यातला फार थोडा सज्जनपणातून आलेला आहे, बाकीचा नोंदवहीतून.

परीक्षेचंच बघा. लेखी पेपर चार-पाच तास चालतो. मुलं सँडविच, केळी, कॉफीचा थर्मास घेऊन बसतात, आणि पेपर लिहिता लिहिता खातात. देखरेखीला बहुधा निवृत्त मंडळी असतात. आवाज न करता दोन बाकांमधून फिरत राहतात. आपल्याकडच्या भरारी पथकांची सवय असलेल्याला ही सहल वाटेल. पण बाकावर ओळखपत्र ठेवावंच लागतं, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो, आणि मध्येच बाहेर गेलात तर त्याचीही नोंद होते. कॉपी सापडली तर प्रकरण शिस्तपालन मंडळापुढे जातं आणि सहा महिन्यांपर्यंत निलंबन होऊ शकतं. म्हणजे संशय गेलेला नाही, त्याला फक्त जागा नेमून दिली आहे. उलट बाजूही तितकीच नेमकी आहे. परीक्षेला बसण्याच्या संधींवर मर्यादा घालायचीच असेल, तर ती पाचाच्या खाली आणता येत नाही. एकाच परीक्षकाकडे दोनदा नापास झालेल्याला दुसरा परीक्षक मागण्याचा हक्क आहे, आणि विशेष कारणाशिवाय विद्यापीठ तो नाकारू शकत नाही. एटीकेटीच्या धसक्यात वाढलेल्याला हे वाचून हेवा वाटणं साहजिक आहे. आणि तपासलेली उत्तरपत्रिका हा सरकारी विद्यापीठात सार्वजनिक दस्तऐवज ठरतो. तिची प्रत कुणीही मागू शकतो. तेव्हा प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारणारी मुलं परीक्षकावर जो विश्वास टाकतात, तो त्याच्या चेहऱ्याकडे बघून टाकलेला नसतो.

राहण्याच्या जागी तर हे आणखी उघड होतं. फ्लोगस्टासारख्या विद्यार्थी वसाहतीत दहाबारा खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर, आणि कपडे धुवायला इमारतीची सामाईक धुलाईखोली. स्वीडनमधल्या अशा खोल्यांच्या दाराशी पूर्वापार एक फळा असतो : वारांचे स्तंभ, तासांच्या ओळी, प्रत्येक चौकटीत एक भोक. ज्याला जी वेळ हवी, त्याने आपल्या खोलीच्या क्रमांकाचं छोटं कुलूप त्या भोकात बसवायचं. आता हेच पुष्कळ ठिकाणी फोनवर होतं. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास उलटला तरी आला नाहीत, तर पाळी बहुतेक ठिकाणी दुसऱ्याची. आणि ड्रायरच्या जाळीतला कापसासारखा गाळ कुणी तसाच ठेवून गेलं, की भिंतीवर चिठ्ठी चिकटते, सभ्य भाषेत आणि संतापाने थरथरणारी. या रागावलेल्या चिठ्ठ्या हा स्वीडिश लोकांच्या स्वतःच्याच थट्टेचा विषय आहे. एरवी लिफ्टमध्ये नजर चुकवणारा शेजारी इथे मोकळा होतो. तेव्हा भांडण इथेही होतं. फक्त चौकटीत कुणाचं कुलूप होतं यावर वाद होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : देश लहान, श्रीमंत, एका साच्याचा, त्यांना जमतं, आपल्याला कसं जमणार? पण क्रम उलटा आहे. सरकारी कागदपत्रं पाहण्याचा हक्क स्वीडनने १७६६ सालीच कायद्यात घातला. त्यामागे आन्डेर्स शिदेनियस या फिनलंडकडच्या पाद्र्याचे मोठे प्रयत्न होते. सहाच वर्षांत राजाने सत्ता हाती घेऊन त्या कायद्याला कात्री लावली, ही गोष्टही विसरायला नको. आणि तो देश तेव्हा गरीब होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सत्तर-ऐंशी वर्षांत दहा लाखांहून जास्त स्वीडिश माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली. प्राध्यापकांना नावाने हाक मारण्याची पद्धतही फार जुनी नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इथे हुद्दा लावूनच बोलायची रीत होती; ती मोडली ती आपल्या हयात असलेल्या पिढीच्या डोळ्यांदेखत. मग स्वभावाचं काय राहिलं? आणि आपल्यालाही यातलं काही जमलेलं आहेच. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ साली आला, त्याच्या आधी महाराष्ट्राने आपला केला होता, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मान्य केला. कोट्यवधींच्या, शंभर भाषांच्या देशात हे झालं.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो, आणि तो फारसं कुणी घेत नाही. भरवसा नोंदीवर उभा असेल, तर ज्याची नोंद नाही त्याचं काय? स्वीडनमध्ये १९४७पासून प्रत्येक नोंदणीकृत रहिवाशाला व्यक्तिक्रमांक मिळतो. बँक, दवाखाना, मोबाइलची जोडणी, सगळं त्याच्याभोवती फिरतं. सत्राभरासाठी आलेल्या विद्यार्थ्याला तो मिळत नाही. निदान वर्षभर राहणार असाल तरच लोकसंख्या-नोंदणीत नाव चढतं. २०११च्या शरद सत्रापासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि स्वित्झर्लंड यांच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्कही लागलं. तोवर इथलं शिक्षण सगळ्यांनाच फुकट होतं. ज्या ‘नेशन’ नावाच्या तेरा विद्यार्थी मंडळांवर उपसालाचं संध्याकाळचं जीवन चालतं, त्यांचं सभासदत्व २०१०पासून ऐच्छिक झालं, तरी कार्ड दाखवल्याशिवाय दारातला मुलगा आत सोडत नाही. मोकळेपणाला कुंपण आहे, आणि ते आपल्यासारख्यांना आधी लागतं, हे मान्यच करायला हवं. तरीही कुंपणाचा नियम छापील आहे आणि तो कुणाच्या ओळखीने वाकत नाही, हा फरक मला लहान वाटत नाही. वशिल्याच्या दारापेक्षा अर्जाची खिडकी बरी, भले तिथे उत्तर ‘नाही’ असं मिळो.

मात्र एक गोष्ट या मांडणीत नीट बसत नाही. जुनी सायकल विकणारा हमखास ‘स्विश’ या फोनवरच्या ॲपने पैसे मागतो, आणि स्विशला स्वीडिश बँक खातं लागतं. अशा वेळी नवखे विद्यार्थी शेजारच्या खोलीतल्या स्वीडिश मुलाला रोख नोटा देतात आणि तो आपल्या फोनवरून पैसे भरतो. सहसा तो नाव विचारत नाही, पावती मागत नाही. नोंदवहीच्या देशात वाढल्यामुळे त्याला एवढं बेफिकीर राहणं परवडतं, असं म्हणता येईल, आणि मी तसंच म्हणेन. पण त्या क्षणी त्याच्या हातात नोंदवही नसते, एवढं खरं.