वसंत कानाने बघायचा असतो!

सध्या मला दुसरं काही सुचतच नाही. उजाडायच्या आत पाय डाव्या कालव्याकडे वळतात. नाथसागरातून निघालेला, 208 किलोमीटर लांबीचा हा कालवा आमच्या वडीगोद्रीच्या उसाला नि मोसंबीला पाणी देतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या काठच्या बाभळी-लिंबांत चैत्रात काय मैफल जमते, हे कुणी सांगितलंच नव्हतं!

उंबरावर कुणीतरी तांब्याचं भांडं ठोकत होतं. टुक्, टुक्, टुक्. दम म्हणून नाही. आवाज एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मान मोडेपर्यंत वर बघितलं, तेव्हा वठलेल्या फांदीच्या टोकाला सापडला. चिमणीपेक्षा जरासा मोठा, पानासारखा हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. आणि चोच चक्क मिटलेली! प्रत्येक टुक्‌ला गळा फुगतो, मान या अंगाहून त्या अंगाला वळते, म्हणून आवाज जागा बदलतोय असं वाटतं.

मोटारीवर आलेले आबा म्हणाले, "आरं, तांबट हाय त्यो. रोजच वरडतो." रोज! आणि आबा एवढ्या शांतपणे सांगतात!

थंडीच्या देशांत वसंत म्हणजे पाखरं परतण्याचा ऋतू. आपल्याकडे उलटंच. हिवाळाभर ज्वारीवर ताव मारणाऱ्या भोरड्या मार्च-एप्रिलात मध्य आशियाच्या वाटेला लागतात. आपल्याकडे परत येतात ते आवाज. दयाळ वर्षभर इथेच असतो, पण थंडीत फार तर खरखर करतो. आता बघा, विजेच्या तारेवर शेपटी उभारून अशा ताना घेतो की मध्येच दुसऱ्या पाखरांच्या नकलाही करतो. कोकीळही कुठे गेलेला नसतो. आणि ते कुहू नराचं बरं का, काळ्याकुळकुळीत, लाल डोळ्यांच्या नराचं! ठिपकेवाली मादी नुसती किक्‌-किक्‌ करते आणि अंडी खुशाल कावळ्याच्या घरट्यात घालते. गाण्यांत मात्र 'ती कोकिळा' गाते. असो.

पावशाही सुरू झालाय. 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत सूर चढवत नेतो, इतका चढवतो की आता गळा फुटणार असं वाटतं. पाऊस अजून लांब, पण याची घाई बघा! चातक तर अजून यायचाय. तो मात्र खरा पाहुणा, पावसाच्या तोंडावर येणारा, आणि त्यातले काही थेट आफ्रिकेहून समुद्र ओलांडून येतात म्हणे.

उद्या साडेपाचला निघतोय. कुणाला यायचं तर या, फक्त मोबाईलवर गाणी लावू नका.