हलकी बॅटरी

अण्णांच्या जुन्या मारुती ८०० ची बॅटरी बसली. घाटनांदूरहून रात्री-अपरात्री आजाऱ्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेणारी गल्लीतली हीच एक गाडी. अण्णांची कंबर दुखते आणि शिशाची बॅटरी सुमारे १० किलोंची, म्हणून मी म्हणालो, "लिथियमची घेऊ, निम्म्याहून हलकी असते." पण तिची किंमत कितीतरी पट. शिवाय शिशाची जुनी परत दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते. बॅटरीचे पैसे आणि माझी परीक्षा फी एकाच डब्यात होती. अण्णा म्हणाले, "लेका, बॅटरी उचलायची तीन-चार वर्षांतून एकदा, कर्ज रोज उचलावं लागतं." १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तासांची शिशाचीच आणली. उचलून मी बसवली. शाळा न पाहिलेल्या अण्णांनी वजनाचा हिशेब माझ्याआधी केला होता.